कुंपणापलीकडचा चाकवत

रविवार, १८ मे, पार्सिपनी

इथे येऊन बारा दिवस झाले. आजपासून वही सुरू करते, कारण बोलायला माणूस नाही. सांगलीत रोज कोणी ना कोणी दारात असतं. इथे दिवसभर समोर भांडी धुण्याचं यंत्र.

दुपारी श्रीराम करंदीकर येऊन गेले. इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस. बारा जुलैच्या उन्हाळी मेळाव्यात मुख्य भाषण माझं, असं ठरवूनच आले होते. "मॅडम, फक्त जरा हलकंफुलकं ठेवा. लोक जेवून बसलेले असतात." मी म्हटलं, मला हलकं बोलता येत नाही, तुम्ही जेवण हलकं ठेवा. हसले, पण विषय ऐकून हसू मावळलं. 'भीतीचा बाजार'.

हा विषय मला याच घरात सापडला. माझ्या मुलीचा, चारुताचा, नवरा यतीन सज्जन माणूस आहे, कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे, आणि गवताला भितो. घरामागे हिरवळ, तिच्या शेवटी तारेचं बुटकं कुंपण, पलीकडे रान. माझी नात इला हिरवळीवर खेळून आली की संध्याकाळी बाथरूममध्ये आईसमोर हात वर करून उभी राहते. कानामागे, काखेत, कमरेला, गुडघ्यामागे, केसांत, सगळीकडे टॉर्च मारून बघायचं. याला हे लोक टिक चेक म्हणतात. मी झडती म्हणते.

"आई, लाइम डिसीझ आहे इथे," यतीन म्हणाला. "टिक चावला तर होतो. टिक म्हणजे गोचीड. उंदरांकडून त्याच्यात जंतू येतात, हरणांवरून तो सगळीकडे पसरतो."

गोचीड हा मला शिकवणार. मी गोठ्यात वाढले. म्हशीच्या कानातून चिंचोक्याएवढे टम्म फुगलेले गोचीड मी या बोटांनी उपटलेत.

"इथले खसखशीएवढे असतात, आई."

"मग चष्मा लावून भ्यायला हवं," मी म्हटलं. इला खूप हसली. यतीन हसला नाही.

बुधवार, २१ मे

कुंपणाच्या पलीकडे चाकवत आहे. एक जुनं झाड पडून तिथे ऊन येतं, त्या तुकड्यात हातभर वाफाच्या वाफा उगवलाय. आधी खरं वाटलं नाही. पान उलटून पाहिलं, खाली तीच पिठूळ पांढरी लव. सांगलीच्या मंडईत जुडी घ्यायला रांगेत उभं राहावं लागतं आणि इथे तण म्हणून कापून टाकतात.

ओचा खोचला आणि फाटकातून गेले. डाळ-दाणे घालून ताकातली भाजी केली. चारुताने दोन वाट्या खाल्ली आणि मग विचारलं, "कुठून आणलास?" कुंपणाजवळून, म्हटलं. पलीकडून, असं म्हणाले नाही.

रविवार, २५ मे

दोन घरं सोडून राहणाऱ्या राजसची आई आली आहे, लताबाई. वर्ध्याच्या. विधवा, चौसष्टच्या, पहिल्यांदाच परदेशात. मुलाच्या घरात शेगडी पेटवायलाही घाबरतात, घाईघाईने सगळ्याला हो म्हणतात. मला अशा बायकांचा राग येत नाही, त्यांना घाबरवणाऱ्यांचा येतो.

त्यांना चाकवत दाखवायला नेलं. फाटकाशी अडल्या. "आमच्या राजसनं सांगितलं, झाडीत नाही जायचं म्हणून."

मी तिथेच उभी राहून दहा मिनिटं बोलले. म्हटलं, लताबाई, ज्या बाईने आयुष्यभर शेतात वाकून काम केलं तिला आता कोणी मातीची भीती घालतो, कारण भ्यालेल्या माणसाला किडे मारायचा फवारा विकता येतो. आपल्या आज्या अनवाणी हिंडल्या. त्यांच्यापैकी कोण गवताने मेली?

"तुम्ही बोलता तर खरंच वाटते बाई," त्या म्हणाल्या आणि फाटकातून आल्या.

दोघींनी टोपलीभर खुडला.

कपड्यांचाही वाद झाला. एवढं लख्ख ऊन असताना चारुता ड्रायर लावते. डेकवर वाळत घातलं तर शेजारी तक्रार करतात म्हणे. मी माझी साडी आणि परकर कुंपणापलीकडच्या झुडपांवर पसरते. तिथे कोणाला दिसत नाही. संध्याकाळी घडी करून आणते, कपड्यांना उन्हाचा वास येतो. लताबाईही आता त्यांची लुगडी तिथेच आणतात.

गुरुवार, २९ मे

चारुताला ऑफिसात उशीर होतो. इलाची झडती माझ्याकडे आली. इला हात वर करून उभी राहिली, मला तिची दया आली. म्हटलं, "आज तुला माफी."

"रिअली? आईला काय सांगायचं?"

"मी सांगते."

चारुताने विचारलं, "चेक केलंस ना?" केलं, म्हटलं. लहान खोटं मोठ्या भीतीपेक्षा बरं. हे वाक्य भाषणात घ्यावं का? नको, खोट्याची बाजू घेतल्यासारखं दिसेल.

बुधवार, ४ जून

वाचनालयातून साथींच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक आणलं आहे, इंग्रजी आहे पण लिहिलंय छान. त्यात पुण्याच्या प्लेगवरही एक प्रकरण आहे. अठराशे सत्त्याण्णवला गोरे शिपाई घरात घुसून बायकांच्या काखा तपासत होते, ते सगळं आपल्याला पाठ आहेच. भाषणाचा मध्य तोच ठेवते. तिथून उडी मारून आजच्या बाथरूममधल्या झडतीवर येते. मी हे वाक्य कसं म्हणेन तेही ऐकू येतं आहे: तेव्हा शिपाई दारात होता, आज आपण त्याला घरात पोसला आहे.

आंघोळ करताना कमरेला डाव्या बाजूला बारीकशी खपली हाताला लागली, काळपट. नखाने काढून टाकली. जरा चिवट होती.

गुरुवार, १२ जून

उकाडा सुरू झाला. परकराची नाडी काचते आहे, कमरेला लाल वळ उठलाय. खोबरेल तेल लावलं. पन्नास वर्षांचा अनुभव, नाडी थोडी सैल बांधली की दोन दिवसांत जातो.

चाकवत आता जून होत चालला. लताबाईंना म्हटलं, शेंडे शेंडेच घ्या.

सोमवार, १६ जून

शनिवारपासून ताप. एकशे एक. अंग मोडून आलं आहे, जबडाही दुखतो. चारुता डॉक्टरकडे चल म्हणते. सर्दी नाही, खोकला नाही, साधा ताप आहे, उतरेल. ऊठसूट गोळ्या घेणाऱ्यांविरुद्ध मी इतकी वर्षं बोलत आले, आता स्वतःच धावू का?

यतीनने विचारलं, "आई, अंगावर कुठे रॅश नाही ना? गोल?"

नाही, म्हटलं. जावयाला काय सांगायचं, नाडी काचली म्हणून?

रविवार, २२ जून

ताप आपोआप उतरला. म्हटलं होतं ना.

कमरेचा वळ मधून फिका पडला आहे. बरा होतोय, फक्त कडा अजून लाल आहे आणि थोडी पसरली आहे. खाजत नाही, दुखत नाही. तेल चालू आहे.

लताबाई आज चाकवताला आल्या नाहीत. घरी गेले तर पडून होत्या. "झोपच झोप येऊन राहिली बाई. ते जेट लॅग म्हणतात ना, ते असंन." महिना झाला त्यांना येऊन. काही लोकांना नवा देश मानवत नाही. मी त्यांच्यासाठी भाजी ठेवून आले.

सोमवार, ३० जून

भाषणाचा दुसरा खर्डा पूर्ण. पन्नास मिनिटं. इलाला समोर बसवून म्हणून दाखवलं. प्लेगच्या भागाला ती घाबरली, म्हणजे भाग जमला आहे.

मान आखडली आहे, डोकं जड आहे. टेबलाची उंची मला चुकीची पडते.

गुरुवार, ३ जुलै, रात्री

उजव्या हाताने लिहिते आहे, अक्षर माझंच आहे, हे बघून बरं वाटतं.

सकाळी चूळ भरली तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळालं. पुन्हा भरली, पुन्हा गळालं. आरशात पाहिलं. डावा गाल उतरलेला, डावा डोळा मिटत नव्हता. मी हसून पाहिलं. अर्धीच हसले.

चारुताला हाक मारली, हाकही नीट आली नाही. तिने मला बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. अर्धांग, असं मीही मनात म्हटलंच होतं. यतीनने वीस मिनिटांत इमर्जन्सीला पोचवलं.

डॉक्टर तरुण मुलगी. नावाची पट्टी वाचली, स्वानंदी. इथेच जन्मलेली, मराठी शाळकरी मुलासारखं बोलते. "आजी, भुवया वर करा. दोन्ही." मी केल्या. "डावी नाही वर गेली. आता हात पुढे. ओके. हे चांगलं आहे."

"चांगलं काय त्यात?" चारुता म्हणाली.

"स्ट्रोकमध्ये कपाळ बहुतेक हलतं, हातात वीकनेस येतो. इथे फक्त चेहऱ्याची नस आहे. तरी स्कॅन करू." मग माझ्याकडे वळून, "आजी, महिन्याभरात ताप आला होता?"

आला होता.

"गवतात, झाडीत गेला होता?"

मी चारुताकडे पाहिलं नाही. "चाकवत," म्हटलं.

"व्हॉट्स चाकवत?"

"भाजी आहे," यतीन म्हणाला. "आई, कुंपणापलीकडे जात होतात?"

मग अंगावर कुठे चट्टा आहे का ते तिने विचारलं. मी नाही म्हणाले. तिने यतीनला बाहेर जायला सांगितलं, पडदा ओढला, म्हणाली, "मी एकदा बघते, चालेल?" विचारलं तिने. नाडी सोडावी लागली. कमरेपासून मागे पाठीपर्यंत फिकट लाल कडं, वीतभर. मला ते पूर्ण कधी दिसलंच नव्हतं, पाठ कोणाला दिसते?

"हे किती दिवस आहे?"

"नाडी काचली होती," मी म्हटलं.

चारुता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

स्वानंदीने सगळं समजावून सांगितलं. इथला किडा बारीक, चावलेलं कळत नाही, कपड्याची घट्ट कड शोधून बसतो. पण चिकटल्याबरोबर जंतू देत नाही. त्याला बहुतेक दीड-दोन दिवस लागतात. त्याआधी चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढला तर धोका फार कमी. मी विचारलं, म्हणजे रोज संध्याकाळी बघितलं तर? "एग्झॅक्टली, म्हणून तर रोज बघायचं," ती म्हणाली. मला खपली आठवली. चिवट होती ती.

डॉक्सिसायक्लिन, दिवसातून दोन, एकवीस दिवस. ग्लासभर पाण्याबरोबर, घेऊन आडवं व्हायचं नाही, दूध लगेच प्यायचं नाही, आणि या गोळ्यांनी कातडी भाजते म्हणून उन्हात जायचं नाही. डोळ्यात थेंब, झोपताना आणि बाहेर जाताना पट्टी. चेहरा बहुतेक पूर्ण परत येईल, आठवडे लागतील, कधी महिने.

"बारा तारखेला माझं भाषण आहे," मी म्हटलं.

"आजी, बारापर्यंत नाही येणार."

शुक्रवार, ४ जुलै

सकाळी चारुताला सांगितलं. इलाची झडती मी पाच वेळा घेतली नव्हती, कदाचित सहा. आणि ती एकदा माझ्याबरोबर पलीकडेही आली होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने इलाला उचलून बाथरूममध्ये नेलं, दार लावलं. आत टॉर्चचा उजेड हलत होता. मी दाराबाहेर स्टुलावर बसून राहिले. वीस मिनिटं. आतून "डोकं वाकव गं, पाय उचल गं" एवढंच ऐकू येत होतं. काही सापडलं नाही. महिनाभर लक्ष ठेवायचं, ताप आला किंवा चट्टा उठला तर लगेच डॉक्टर.

बाहेर येऊन चारुता म्हणाली, "आई, तू सगळ्या महाराष्ट्राला सांगत फिरलीस, पुरावा मागा. मी तुझ्याकडे नाही मागितला. कारण तू होतीस."

मी स्टूल उचलून जागेवर ठेवलं.

दुपारी लताबाईंना फोन केला. सगळं सांगितलं, कमरेचा चट्टाही. म्हटलं, तुम्हाला असं काही आहे का? मागे राजसचा आवाज होता, टीव्ही होता. "नाही नाही, मला काही नाही जी. तुम्ही तब्येत जपा." बरं वाटलं. निदान तेवढं तरी माझ्या माथी नाही.

संध्याकाळी गावभर फटाके, इथला स्वातंत्र्यदिन. मी पट्टी लावून पडले.

सोमवार, ७ जुलै

भाषण म्हणून पाहिलं. भ, ब, प, म, ओठ मिटावे लागणारं एकही अक्षर नीट उमटत नाही. हवा डावीकडून निसटते. 'भीतीचा बाजार' हे शीर्षकच म्हणता येत नाही. 'मी' म्हणता येत नाही. आणीबाणी उठल्यावर वीस हजार माणसांसमोर ध्वनिक्षेपकाशिवाय बोललेली बाई मी, परवा साधं 'पाणी' मागितलं तर इलाने "वॉट?" विचारलं.

आज तिने समोर बसून उपाय काढला. माझं बोट धरून माझ्याच ओठाच्या कोपऱ्यावर ठेवलं. "आजी, होल्ड इट हिअर. नाऊ से इट."

बोटाने धरलं तर म येतो. बराचसा.

श्रीराम येऊन गेले. माझ्याकडे न बघता माझ्याशी बोलत होते. "मॅडम, तुम्ही आराम करा. आपण अंताक्षरी ठेवतो." अंताक्षरी. मी म्हटलं, येते. किती वेळ? दहा मिनिटं द्या.

यतीनने मागे कुंपणालगत तीन फूट रुंद लाकडाच्या चिपांचा पट्टा घातला. कोरड्या जागेवरून ते किडे सहसा येत नाहीत म्हणे. माझ्या सगळ्या साड्या त्याने स्वतः ड्रायरमध्ये घातल्या, मोठ्या आचेवर. धुण्याने ते मरत नाहीत, कोरड्या उष्णतेने मरतात. दोन साड्या आटल्या. तो माफी मागायला आला. त्याने माझी. मला त्याक्षणी भुईत जावंसं वाटलं.

गुरुवार, १० जुलै

पन्नास मिनिटांतून काय ठेवायचं? प्लेगचं पान काढलं. ते पान खोटं नाही. ते शिपाई बळजबरीने घुसले होते आणि लोकांनी चिडायलाच हवं होतं. पण मी त्या रागाचा हात धरून चारुताच्या बाथरूमपर्यंत आले, आणि तिथे तो राग लागू नव्हता. चारुता टॉर्च घेऊन रोज वाकत होती. मी टाळ्या मोजत होते.

औषध कंपन्या भीती विकतात यावरची चार पानंही काढली. ती खरी आहेत, पुन्हा कधीतरी. फवाऱ्याची जाहिरात खोटी असेल म्हणून गोचीड खोटा होत नाही, एवढं साधं मी एखाद्या कॉलेजकुमाराला वक्तृत्वस्पर्धेत दोन मिनिटांत समजावलं असतं.

आता कागदावर अर्धं पान उरलं आहे.

डावी भुवई आज किंचित हलली. किंवा मला वाटलं.

शनिवार, १२ जुलै

आत्ता रात्रीचे दहा. नुकताच राजसचा फोन येऊन गेला. लताबाईंना तो सभागृहातूनच तातडीच्या दवाखान्यात घेऊन गेला होता. पहिली गोळी पोटात गेली आहे, तपासण्या सोमवारी, डॉक्टरच्या मते वेळेत आलात. आता सगळं ओळीने लिहिते.

एका शाळेचं सभागृह. तीनशे माणसं असतील. श्रीरामनी ओळख करून दिली, त्यात माझ्या आजाराला "छोटासा प्रॉब्लेम" म्हटलं. मी चढले. डोळ्यावर पट्टी, बोट ओठाच्या कोपऱ्यावर. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने आईला काहीतरी विचारलं, आईने त्याचा हात दाबला.

मी सहा मिनिटं बोलले. घाई केली नाही, करताच येत नव्हती. म्हटलं, इथे भीतीच्या बाजाराबद्दल बोलायला आले होते. तो बाजार आहे, ते शब्द मी परत घेत नाही. पण त्याच्यासमोर मीही दुकान मांडलं होतं, बेफिकिरीचं. आणि माझा आवाज चांगला आहे, त्यामुळे माझा माल खपला. घरातल्या आठ वर्षांच्या मुलीने घेतला. तिचं नशीब चांगलं.

मग कुठे चट्टा उठला ते सांगितलं. परकराची नाडी, असा शब्द मी माइकवर उच्चारला. मधल्या रांगांतल्या तरुण पोरांनी माना खाली घातल्या. म्हटलं, मान खाली घालू नका, घरी जाऊन आईला विचारा. आपल्याकडच्या बायकांच्या कमरेला पन्नास वर्षांचा वळ असतो, त्यात हा नवा वळ लपतो. ती सांगणार नाही. तिला जावयाची लाज वाटते, मुलाची वाटते, डॉक्टरची वाटते. मला वाटली. मी एकाहत्तर वर्षांची आहे, आणि एका डॉक्टर मुलीने विचारलं तेव्हा मी तोंडावर नाही म्हणाले. संध्याकाळी तिला बायकांपैकी कोणीतरी बघा. विचारून बघा. ताप आला तर जेट लॅग म्हणू नका.

एवढंच. टाळ्या सावकाश आल्या. त्या तशा येतात तेव्हा भाषण पडलेलं असतं, हे मला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. मला त्याचं काही वाटलं नाही. नाही, थोडं वाटलं.

लताबाई दुसऱ्या रांगेत होत्या, सुनेच्या शेजारी. मी बोलत होते तेव्हा त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. मला वाटलं, पुन्हा झोप येत असेल.

खाली उतरले तर गर्दीतून माझ्या कोपराला कोणीतरी धरलं.

"मीनाक्षीताई, जरा तिकडे येता का?"

लेडीज रूममध्ये कोणी नव्हतं. शेवटच्या संडासापुढच्या कोपऱ्यात त्या थांबल्या, पर्स बेसिनवर ठेवली, भिंतीकडे तोंड केलं आणि निऱ्या ओढून काढल्या. नाडी सोडली.

"हे पाहा बाई. मी समजली नाडीच काचली."

उजव्या बाजूला, पोटाकडे. तळहाताएवढं लाल कडं, मधे फिकं, अगदी मधोमध गडद ठिपका. माझ्या चट्ट्यासारखंच, फक्त ताजं.

"केव्हापासून?"

"तुमचा फोन आला, तेव्हाही होतं. राजस बाजूलेच बसून होता ना. कसं सांगू?" मग म्हणाल्या, "आणि तुम्हीच तर म्हणाल्या होत्या, गवतानं कोणी मरत नाही."

बाहेर अंताक्षरी सुरू झाली होती. कोणीतरी खूप बेसूर गात होतं आणि लोक त्याला साथ देत होते. मी दाराची कडी लावली. भिंतीला धरून फरशीवर बसले. फरशी ओली होती. फोनचा टॉर्च लावला, पट्टी कपाळावर सरकवली, दोन्ही डोळ्यांनी बघता यावं म्हणून. एक आधीच चावून गेला होता, दुसरा कुठे बसला असेल तर आजच काढायला हवा होता. कसं बघायचं ते मला नीट माहीत होतं. चारुता रोज बघते, मी दारात उभी राहून टिंगल करत ऐकलं आहे. आधी गुडघ्यामागे, मग कंबर, काखा, कानामागे, शेवटी केस.

ओठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, म्हणजे शब्द नीट यावेत.

"लताबाई, मी बघू का?"

त्यांनी दोन्ही हात वर केले.